भाचीची गुटी मी प्यायले

माझं पोट नाजूक आहे, असा आमच्या सगळ्या नातेवाइकांचा पक्का समज आहे. लग्नाच्या पंगतीत माझ्या पानात जिलबी पडायला लागली की अजूनही कुणीतरी ओरडतं, "तिला एकच वाढा हो, तिला सोसत नाही." खरं सांगायचं तर माझं पोट खडे पचवणारं आहे. पण हा समज मी आजवर खोडून काढलेला नाही. तो कसा पसरला, ते आज सांगते.

तेव्हा पुण्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. सदाशिव पेठेत ज्या खोल्यांमध्ये पूर्वी शिवणाचे आणि टायपिंगचे क्लास चालायचे, त्या खोल्यांवर आता कॉम्प्युटर क्लासचे फलक लागले होते. अशाच एका क्लासात मी शिकवत असे. शिकवत असे म्हणजे मला काल जे कळलं ते आज पोरांना सांगत असे. कर्वेनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र माझा भलताच दबदबा होता. कुणाचा मिक्सर बंद पडला तरी मला बोलावणं यायचं. "ती कॉम्प्युटरमधली आहे ना, तिला कळेल." मी गंभीर चेहरा करून मिक्सरची पिन काढायची आणि परत लावायची. बऱ्याचदा तो सुरू व्हायचा आणि माझा भाव आणखी वाढायचा.

घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा आयटीतल्या लोकांना ने-आण करणारी गाडी चालवायचा. वहिनी यवतमाळकडची. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे माहेर नावापुरतंच. आमची आई म्हणजे खणखणीत आवाज, दुखरे गुडघे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तयार असलेलं मत. वहिनीला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करण्याचा प्रश्नच नव्हता. आईने जाहीर केलं, "इथेच होईल. माझ्या देखत." ती खूश होती. तिला हुकूम सोडायला एक नवीन माणूस मिळणार होतं.

सरकारी दवाखान्यात नाव घातलं. तिथे पोटुशी बाई आली की तिच्या बाकीच्या तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही तपासणी करत. दुसऱ्या खेपेला वहिनीसोबत मी गेले होते. समुपदेशक बाईंनी तिला आत बोलावलं, तशी वहिनी दारातच थबकली आणि त्यांना म्हणाली, "ताईंना पण येऊ द्या. मला एकटीला ऐकवणार नाही." तिला काय ऐकावं लागणार याची कल्पना तिला कशी आली, हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघी त्या खोलीतून बाहेर आलो आणि रिक्षा न करता चालत निघालो.  मग वहिनी म्हणाली, "ताई, बाळाला होऊ द्यायचं नाही." बस, एवढंच. रडली बिडली नाही. रडले मी, तेही भर रस्त्यात, आणि तिनेच मला पदर दिला.

दादा आधी म्हणाला, तपासणी चुकली असेल. मग त्याची स्वतःची तपासणी झाली आणि तो गप्प झाला. कुठून, कधी, असं मी त्याला विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. मी कितीतरी दिवस त्याच्या हातात चहाचा कप दिला नाही. वहिनी मात्र द्यायची. ते बघून माझं डोकं आणखी फिरायचं.

समुपदेशक बाई माझ्याच वयाच्या, चटपटीत होत्या. त्यांनी आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं. कळा सुरू झाल्या की वहिनीने एक गोळी घ्यायची आणि तडक दवाखाना गाठायचा. बाळ झालं की बाळाला थोडं पातळ औषध. राहता राहिला दुधाचा प्रश्न. डब्याचं दूध द्यायचं तर दर वेळी पाणी उकळायला हवं, वाटी-चमचा उकळायला हवा, आणि अंगावर का पाजत नाही याचं उत्तर घरात द्यायला हवं. वहिनी म्हणाली, "मी पाजीन."

"मग सहा महिने फक्त तुमचं दूध," बाई म्हणाल्या. "पाण्याचा थेंब नाही, मध नाही, साखरपाणी नाही, गुटी नाही. बाळाचं आतडं कोवळं असतं. वरचं काही गेलं की त्याला बारीक इजा होते आणि मग दुधातून लागण व्हायची भीती वाढते. एक तर सगळं वरचं, नाही तर सगळं अंगावरचं. मिसळायचं नाही."

मला त्या तशा प्रसंगातही हसू आलं. बाळाला गुटी नाही? आमच्या घरात?

आमच्या आईची सहाण तिच्या सासूकडून आलेली होती. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, खारीक, बदाम. प्रत्येकाचे वेढे किती उगाळायचे हे तिच्या मनगटाला पाठ होतं. माणसाचा सगळा स्वभाव लहानपणच्या गुटीवर ठरतो असं तिचं ठाम मत होतं. टीव्हीवर एखादा पुढारी बरळायला लागला की ती म्हणायची, "याला गुटी मिळालेली दिसत नाही." तिच्यासमोर जाऊन गुटी बंद म्हणणं म्हणजे देवळात जाऊन घंटा काढून ठेवा म्हणण्यासारखं होतं. आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. वहिनीने मला शपथच घातली होती. आईला कळलं तर ती घरात ठेवेल का, ताटाला ताट लावून जेवेल का, याची तिला धास्ती होती. मला आईची खात्री होती असं मी आज म्हणेन, पण तेव्हा नव्हती.

म्हणून मी थाप मारली. जेवताना अगदी सहज म्हटलं, "आई, आमच्या क्लासमध्ये सांगत होते, अमेरिकेत नवीन शोध लागलाय. ज्या पोरांना सहा महिने नुसतं आईचं दूध मिळतं, दुसरं काही म्हणजे काही नाही, त्यांचं डोकं कॉम्प्युटरला फार चालतं."

यातला अर्धा भाग खरा होता. सगळ्याच बाळांना सहा महिने नुसतं अंगावरचं दूध द्यावं, असं दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलंच होतं. कॉम्प्युटरची फोडणी माझी.

आईचा घास हातातच राहिला. "म्हणजे गुटी?"

"गुटीने डोकं तापतं म्हणे."

"कुणाचं?"

"कॉम्प्युटरवाल्यांचं."

आई विचारात पडली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंचा मुलगा आयटीत होता, त्याने चारचाकी घेतली होती आणि ती बरोबर आमच्या जिन्यासमोर लावायचा. आईला रोज त्या गाडीला वळसा घालून जावं लागे. त्या वळशाने माझं काम सोपं केलं असावं. ती एवढंच म्हणाली, "बघू."

कळा भर दुपारी सुरू झाल्या. वहिनीने गोळी घेतली. मी रिक्षा आणायला धावले. पहिल्या रिक्षावाल्याने विचारलं, "लांबचं आहे का?" मी म्हटलं, "लांबचंच आहे. वाटेत बाळ झालं तर तुमचं नाव ठेवू." त्याने निमूटपणे मीटर टाकला. संध्याकाळी मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर भरपूर जावळ आणि आवाज थेट आमच्या आईचा. नर्सने तिच्या जिभेवर औषध सोडलं तेव्हा तिने असं तोंड वाकडं केलं, की मला तिचा फार अभिमान वाटला.

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. बाळ बघायला येणारा प्रत्येक माणूस बाळाच्या तोंडात काहीतरी घालायलाच येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कुणी बोटाला मध लावून यायचं, कुणी सोन्याची अंगठी उगाळून. कुणी नुसतं पाणीच पाजायला निघायचं. "घसा सुकला असेल हो तिचा." मी क्लासच्या वेळा बदलून घेतल्या आणि पाळण्याशेजारी ठाण मांडलं. खालच्या मास्तरीणबाई आल्या, माझं कॉम्प्युटरचं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आमच्या मुलांना आम्ही गुटी दिली. तरी त्यांना नोकऱ्या लागल्या, बरं का."

आणि मग मावशी आली. आईची थोरली बहीण, मुळशीकडच्या खेड्यातली. स्वारगेटला तिला उतरवून घ्यायला मीच गेले. तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गुटीचं गाठोडं. एसटीतून उतरता उतरताच म्हणाली, "सहाण हाय ना घरात? का माजी घिऊन यायला पायजे व्हती?" मी तिला कॉम्प्युटरचा शोध ऐकवला. ती म्हणाली, "आमच्या गावाला लाईट नसती. तितं काय करायचं ते डोकं घिऊन?" माझ्या थापेला एवढं चोख उत्तर कुणी दिलं नव्हतं.

दोन दिवस मी मावशीवर नजर ठेवली. तिसऱ्या दिवशी क्लासला जावंच लागलं. वहिनी आंघोळीला गेलेली, आई खाली भाजी घ्यायला. मी परत येऊन दार उघडते तर मावशी पाटावर फतकल मारून बसलेली, मांडीवर माझी भाची, आणि हातात बोंडलं. बोंडल्याची चोच बाळाच्या ओठांपाशी. बाळानेही काहीतरी नवीन मिळणार म्हणून तोंडाचा चंबू केलेला.

मी चप्पलसुद्धा काढली नाही. झेप घेतली, बोंडलं हिसकावलं. आता पुढे काय करायचं हे सुचेना. मावशी माझ्याकडे बघतेय, बाळ माझ्याकडे बघतंय. सांडून टाकावं तर अन्नाचा अपमान म्हणून घर डोक्यावर घेतलं जाणार. मी बोंडलं तोंडाला लावलं आणि सगळी गुटी पिऊन टाकली.

कडू, तुरट, मधेच खारकेचा गोडवा. वर वेखंडाचा असा झणका, की डोळ्यांत पाणी आलं.

"आगं बया," मावशी म्हणाली. "ह्या वयात?"

"पोट बरं नसतं माझं," मी म्हटलं. "बरेच दिवस झाले."

मावशीचा चेहरा एकदम कनवाळू झाला. "मग सांगायचं न्हाई व्हय? म्हून लगीन जुळंना का काय?" त्यानंतर ती राहिली तेवढे दिवस रोज सकाळी सहाण मांडायची आणि मला समोर बसवून गुटी पाजायची. बाळाकडे तिने परत वळून पाहिलं नाही. तिला पाहिजे तो रोगी मिळाला होता. आंघोळीहून येऊन वहिनी दारात उभी राहायची आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पदर तोंडात कोंबून हसायची. तपासणी झाल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी आणखी दोन बोंडली प्यायले असते. मावशीने गावी जाऊन माझ्या पोटाची कहाणी सगळ्यांना सांगितली ती सांगितलीच.

इकडे आईचं परिवर्तन सुरू झालं होतं. भाची बाळसं धरत होती, सर्दी नाही, पोट फुगणं नाही. आईने ते सगळं अमेरिकेच्या खात्यावर जमा केलं. ज्या बाईने आधी "बघू" म्हटलं होतं, ती आता जिन्यात उभी राहून पोटुशा बायकांना अडवायला लागली. "सहा महिने काही देऊ नकोस हो. डोकं तापतं." मास्तरीणबाईंची सून गरोदर राहिली तेव्हा आईने तिलाही गाठलं, आणि ती हिंजवडीत काम करणारी मुलगी म्हणाली, "हो काकू, आमचे डॉक्टरपण सेम हेच सांगतात." झालं. आईला वाटलं, खुद्द आयटीतूनच दुजोरा आला. बिल्डिंगमधल्या सहाणी माळ्यावर गेल्या. आपल्या थापेचा असा जयजयकार होताना पाहून मला बरं वाटत होतं, हे नाकारत नाही.

मग सहा महिने पुरे होत आले आणि तीच थाप आमच्यावर उलटली.

समुपदेशक बाईंनी सांगितलं, आता अंगावरचं दूध थोड्या दिवसांत पूर्ण तोडायचं आणि वरचं अन्न सुरू करायचं. आज औषधं बदलली आहेत, सल्लेही बदलले आहेत. बाळाच्या आईला लगेच औषध सुरू करतात आणि इतकं एकदम तोडायला लावत नाहीत. पण तेव्हा तसंच होतं. घरी येऊन मी उष्टावणाचा विषय काढला. आई म्हणाली, "उष्टावण करू. चार शितं लावू तोंडाला. पण दूध चालूच राहील. दोन वर्षं. सहा महिन्यांत इंजिनिअर होत असेल तर दोन वर्षांत काय होईल, बघ."

मी घाईघाईने म्हटलं, "नाही, नवीन शोधाप्रमाणे सहा महिन्यांनी एकदम बंद करायचं."

"काल एक, आज एक? तुझ्या अमेरिकेला कुणी सांगितलं का, पोर म्हणजे नळ नाही म्हणून?"

मी तोंडाला येईल ते सांगत सुटले. आई एकेक मुद्दा निवडून बाजूला काढत होती, जणू तांदळातले खडे. तेवढ्यात वहिनी शांतपणे म्हणाली, "आई, मलाच तोडायचंय. मला कामाला जायचंय. एका कॉल सेंटरच्या कँटीनमध्ये काम मिळतंय."

 तिने मला वाचवलं होतं, आणि त्यासाठी स्वतःचं सगळ्यात वाईट दिसेल असं कारण निवडलं होतं. आई तिच्याकडे बघत राहिली. "कँटीनसाठी पोरीचं दूध तोडणार? तू आई आहेस की दगड?"



ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. वहिनीची छाती दगडासारखी झाली, ताप चढला. ती गार पाण्याच्या घड्या ठेवून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. बाहेर भाची तिच्या वासासाठी टाहो फोडायची. मी तिला खांद्यावर टाकून संध्याकाळभर कर्वेनगरच्या गल्ल्या पालथ्या घालायची. वाटी-चमच्याने पाजलेलं दूध ती माझ्याच अंगावर थुंकायची. आई मऊ भात कालवायची, भरवायची, आणि प्रत्येक घासाला आतल्या खोलीकडे बघून काहीतरी टाकून बोलायची. मला आईचा भयंकर राग यायचा, आणि तिला काही सांगता येत नाही म्हणून वहिनीचाही यायचा.

पोरगी हळूहळू रुळली. आई नाही रुळली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती वहिनीशी कामापुरतंच बोलली. वहिनी कँटीनला जायची, यायची, पोरीला घ्यायची, स्वयंपाक करायची. ती बारीक होत चालली. कोरडा खोकला लागला. आई खोकल्याकडे न बघता म्हणायची, "बारीक व्हायचं होतं ना? झालीस." मी वहिनीला म्हणायची, तू दाखवून ये. ती म्हणायची, आधी पोरीचं होऊ दे. तिचं सगळं लक्ष त्या एका तपासणीवर लागलं होतं. दीड वर्षाची झाली की पोरीचं रक्त शेवटचं तपासायचं. तोवर पक्कं काही सांगता येत नव्हतं.

तो दिवस आला. समुपदेशक बाई आमची वाट बघत बाहेरच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं, पण वहिनीने त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. "निगेटिव्ह. तुमच्या मुलीला काही नाही." वहिनी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि पोरीच्या जावळात तोंड खुपसून कितीतरी वेळ तशीच राहिली. पोरगी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. बाई जाता जाता मला म्हणाल्या, "आणि यांची स्वतःची तपासणी? त्या आलेल्याच नाहीत." मी म्हटलं, आणते. वाटेत मी पेढे घेतले.

घरी आल्यावर आईने पेढ्यांचा पुडा बघितला. "कसले?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तिसरी थाप तयार होती, चांगली नटवलेली. क्लासच्या एका मुलाला अमेरिकेत नोकरी वगैरे.

"ताई, पुरे," वहिनी म्हणाली. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. तिची तपासणी, दादाची तपासणी, गोळी, दूध, गुटी का नाही, दूध का तोडलं. एकदाही आवाज चढवला नाही की उतरवला नाही. मधे दोनदा खोकल्यासाठी थांबली, तेवढंच. मी दाराला टेकून उभी होते. 

आईने पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरगी?"

"पोरगी चांगली आहे. आजच सांगितलं."

"आणि मी तुला दगड म्हटलं."

वहिनी पदराचं टोक गुंडाळत राहिली.

"तोंड नव्हतं का गं तुला? वर्षभर ऐकून घेतलंस?" आईचा आवाज फुटला. ती माझ्याकडे वळली. "आणि तू! कॉम्प्युटर! सगळ्या बिल्डिंगच्या सहाणी माळ्यावर टाकायला लावल्यास माझ्याकडून!" मग तिने पुडा सोडला, एक पेढा मोडला, अर्धा वहिनीच्या तोंडात घातला आणि उरलेला अर्धा स्वतःच्या. त्याच हाताने, त्याच बोटांनी. वहिनी ज्याला घाबरत होती ते तिथेच संपलं. मग आईने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "हा खोकला किती दिवसांचा?"

दुसऱ्या दिवशी आई दुखरे गुडघे घेऊन आमच्यासोबत दवाखान्यात आली. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. वहिनीला टीबी निघाला. एचआयव्ही असला की तो असा दबा धरून बसतो, डॉक्टर म्हणाले. आधी टीबीची औषधं सुरू करायची, ती अंगी लागली की एचआयव्हीची. पोरीलाही तपासलं. तिला काही नव्हतं, पण घरातून लागू नये म्हणून तिलाही रोज एक गोळी दिली.

समुपदेशक बाईंनी आईला समोर बसवून समजावायला सुरुवात केली. हात लावल्याने होत नाही, ताटातलं खाल्ल्याने होत नाही, एका घरात राहिल्याने होत नाही. औषध चुकवायचं नाही. खोकताना तोंडावर रुमाल, खिडक्या उघड्या.

आईने त्यांना मधेच थांबवलं. "ते सगळं करू. ही जगेल का, ते सांगा."

 बाई हसून म्हणाल्या, "औषधं नीट घेतली तर लेकीच्या लग्नात मिरवेल."

"लग्नाचं लग्नाच्या वेळी बघू," आई म्हणाली. "माझे गुडघे असे. पोरीला शाळेत सोडायला कोण जाणार?"

"याच जातील."

आईने वहिनीकडे पाहिलं. वहिनीची मान खाली होती, खांदे हलत होते. आईने नेहमीच्या खणखणीत आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं तिला सांगितलं, "ऐकलंस ना? शाळा सकाळची असते. उठावं लागेल."

"हो, आई," वहिनी म्हणाली.